बोअरवेल दिली, पुढे काय? आफ्रिकेतल्या खेड्यांमधील मदतकार्याचे फलित

कृष्णाकाठ
नमस्कार. नैरोबीत बरीच वर्षे राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांनी किटुई काउंटीतल्या एका प्राथमिक शाळेजवळ हातपंपासह बोअरवेल देण्याचे मनावर घेतले आहे. पैसे जमतील, त्याची काळजी नाही. मात्र जागा पाहायला गेलो तेव्हा शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरात आधीचेच दोन हातपंप दिसले आणि ते दोन्ही बंद होते. एकाचा दांडा निखळला होता आणि दुसऱ्याचे पाणी इतके खारट की गुरेही तोंड लावत नाहीत, असे तिथल्या बायकांनी सांगितले. त्या दोन विहिरी देणाऱ्यांचा हेतूही आमच्याइतकाच चांगला असणार.

म्हणून हा धागा. आफ्रिकेतल्या खेड्यांत गेली पन्नास वर्षे परदेशी पैशाने अफाट काम झाले. त्यातले काय टिकले, काय वाया गेले, आणि कशामुळे? माझे मत असे की, कामाचे मोजमाप देणारा निघून जातो त्या दिवसापासून सुरू व्हायला हवे. पण ज्यांनी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे किंवा अभ्यास केला आहे, त्यांच्याकडून ऐकण्याची इच्छा आहे.

जुना वाचक
तुमच्या देशातलेच एक उदाहरण देतो. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराकाठी कालोकोल येथे नॉर्वेच्या मदतीने १९८०च्या सुमारास मासळी गोठवण्याचा कारखाना उभा राहिला. त्यावर सुमारे २.२ कोटी डॉलर खर्च झाले. तुर्काना लोक गुरे-शेळ्या-उंट राखणारे, पावसामागे फिरणारे. त्यांनी एका जागी स्थिरावून मासेमारी करावी, अशी ती कल्पना होती. त्या उष्णतेत शीतगृह चालवण्याचा खर्च आणि लागणारे गोडे पाणी यांचा मेळ बसेना, आणि कारखाना जेमतेम काही दिवस चालून बंद पडला. पुढे सरोवराची ज्या खाडीत मासे मिळत ती खाडीच आटली.

दुसरे उदाहरण प्लेपंपाचे. मुलांनी गोल चक्रावर खेळायचे आणि त्या फिरण्याने पाणी वर यायचे, अशी दक्षिण आफ्रिकेत निघालेली योजना. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली आणि चार हजार पंप बसवण्याचे ठरले. एका ब्रिटिश वृत्तपत्राने नंतर हिशेब मांडला की, ठरवलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचे तर मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागेल. मोझांबिकमध्ये आणि मलावीमध्ये बायकाच ते जड चक्र हाताने ढकलत राहिल्या. काही ठिकाणी तर चालू असलेला साधा हातपंप काढून त्या जागी हे चक्र बसवले होते. ही चूक तंत्रज्ञानाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण पाणी भरणाऱ्या बाईला कोणीही काही विचारलेले नव्हते.

माणदेशी
मी आपल्याकडे ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात होतो आणि नंतर काही काळ उत्तर युगांडात हातपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण देण्याच्या कामावर होतो. म्हणून या एकाच गोष्टीवर जरा सविस्तर लिहितो.

कृष्णाकाठ, तुम्ही पाहिलेले पंप बहुधा अफ्रिदेव किंवा इंडिया मार्क टू जातीचे असतील. मार्क टूचे मूळ महाराष्ट्रात आहे, हे इथल्या अनेकांना ठाऊक नसेल. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून युनिसेफने दुष्काळी भागांत कठीण खडक फोडणारी यंत्रे आणून विंधण विहिरी घ्यायला सुरुवात केली. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या परसातल्या वापरासाठी घडवलेले होते. अख्ख्या गावाने पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसल्यावर ते मोडणारच होते. १९७०च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. याच काळात जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या लोकांनी स्थानिक कार्यशाळांत पोलादी पंप बनवले होते. ते जालना पंप आणि सोलापूर पंप या नावांनी ओळखले जात, आणि ते टिकत होते. सोलापूर पंपाचा आराखडा पायाभूत धरून युनिसेफ, सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी इंडिया मार्क टू सिद्ध केला. तोच पुढे लाखोंच्या संख्येने भारतभर आणि आफ्रिकेत गेला. युगांडात त्यालाच यू-टू म्हणतात.

आता आफ्रिकेत काय झाले ते पाहा. मार्क टू मजबूत आहे, परंतु आतला वॉशर बदलायचा म्हटले तरी लोखंडी नळ जोडांत सोडवून एकेक करून वर ओढावे लागतात. त्यासाठी जड अवजारे, चार-पाच धट्टीकट्टी माणसे आणि जाणता मिस्त्री लागतो. आपल्याकडे पंचायत समितीचे दुरुस्ती पथक आणि गाडी होती, तालुक्याच्या बाजारात सुटे भाग मिळत होते. तिकडे पंप पोहोचला, पण सुट्या भागांचे सर्वात जवळचे दुकान कधी कधी दीडशे किलोमीटरवर असे. शिवाय जिथे भूजल आम्लधर्मी, तिथे जस्ताचा मुलामा दिलेले नळ आतून गंजतात, पाणी तांबूस येते, त्याला लोखंडाची चव लागते, कपडे पिवळे पडतात, आणि बायका निमूट पुन्हा ओढ्यावर जातात. असा पंप सरकारी यादीत ‘चालू’ असतो.

या अडचणींवर उपाय म्हणून १९८०च्या दशकात मलावी आणि केनियात अफ्रिदेव विकसित झाला. त्याचा दट्ट्या नळ न काढता वरच्या वर ओढून घेता येतो आणि पुष्कळशी दुरुस्ती गावातल्या गावात होते. तरीही २००९ च्या सुमारास वीसएक देशांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा तिसरा हिस्सा पंप बंद निघाले. नंतरच्या अधिक काटेकोर अभ्यासात हे प्रमाण साधारण चारातला एक असे आले. म्हणजे पंप सुधारला आणि तरीही अडचण बरीचशी तशीच राहिली, कारण गावाने समिती नेमायची, वर्गणी काढायची, पैसे सांभाळायचे आणि मिस्त्री शोधायचा, हे सगळे ओझे सर्वात गरीब लोकांवर टाकून सगळे मोकळे झाले.

घाटमाथा
जालन्यात जन्म घालवूनही जालना पंपाबद्दल कधी ऐकले नव्हते. माणदेशी, मनापासून आभार.

उत्तरा
वरचे तिन्ही प्रतिसाद आवडले, तरी कृष्णाकाठ यांच्या मूळ कसोटीशी मी सहमत नाही. देणारा गेल्यावर जे चालू राहते तेच खरे, असे मानले तर सार्वजनिक आरोग्यातली सर्वोत्तम कामे आपण नापास करू.

नारूचे उदाहरण घ्या. आपल्याकडे विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत नारू घरोघरी होता. जुन्या पिढीतल्या लोकांनी पायातून निघणारा तो जंतू काडीवर गुंडाळत बाहेर काढलेला पाहिला आहे. महाराष्ट्र हे त्या रोगाच्या राज्यांपैकी एक होते आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. आफ्रिका व आशियातल्या २१ देशांत १९८६ मध्ये नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. त्या वर्षी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने हे काम हाती घेतले. २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांतले १४ रुग्ण नोंदले गेले. या रोगावर ना लस आहे ना औषध. पाणी गाळायचे फडके, फिरत्या गुराख्यांसाठी गळ्यात अडकवायची गाळणीची नळी, तळ्यात घालायचे अळीनाशक, आणि पायातून जंतू निघत असलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणारा गावातलाच स्वयंसेवक, एवढ्याच साधनांवर हे झाले. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात जिमी कार्टर यांनी याच कामासाठी काही महिन्यांचा युद्धविराम घडवून आणला होता. चाडमध्ये कुत्र्यांत हा जंतू सापडू लागल्याने शेवटचा टप्पा अवघड झाला आहे, आणि म्हणूनच बाहेरचा पैसा आज थांबला तर इतक्या वर्षांचे कष्ट मातीमोल होतील. हे काम स्वावलंबी नाही म्हणून ते अयशस्वी ठरते का?

मच्छरदाण्यांचेही तसेच आहे. ‘फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही’ हे वाक्य मदतकार्याच्या बैठकींत फार ऐकले आहे. पश्चिम केनियात गरोदर बायकांच्या तपासणी केंद्रांवर हे प्रत्यक्ष तपासले गेले. मच्छरदाणीला साठ अमेरिकी सेंट एवढी किंमत लावली, तेव्हा ती घेणाऱ्यांचे प्रमाण फुकट वाटपाच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या फरकाने घसरले. फुकट घेणाऱ्या बायका ती कमी वापरतात, असेही आढळले नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला घरात नळाने मिळणाऱ्या पाण्याचा पूर्ण खर्च कोणी कधी भरायला लावलेला नाही, आणि किटुईतल्या बाईने मात्र समिती नेमून पंप स्वतःच्या बळावर चालवावा, अशी अपेक्षा आपण करतो. हे मला न्याय्य वाटत नाही.

माणदेशी
उत्तरा, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. माझाही रोख गावकऱ्यांवर नव्हता. दुरुस्ती कोणी करायची हे आधी ठरलेले असावे, एवढेच म्हणणे आहे. ती गावानेच करावी असे नव्हे.

सह्यकडा
लेसोथोचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहितो. १९७५ मध्ये तिथल्या डोंगराळ थाबा-त्सेका भागात जागतिक बँक आणि कॅनडा यांच्या पैशाने मोठा शेती व पशुविकास प्रकल्प सुरू झाला. कागदावर तो भाग ‘मागास शेतकऱ्यांचा’ होता. वास्तवात तिथल्या घरांचे उत्पन्न मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबणाऱ्या पुरुषांच्या मजुरीवर चाले आणि गुरे ही त्यांची म्हातारपणाची पुंजी होती. खाणकामगार सुट्टीवर येई तेव्हा घरात ठेवलेली रोकड चटकन खर्चून जाण्याची भीती असे. गुरांत गुंतवलेले पैसे सुरक्षित राहत. त्यामुळे ‘कमी पण चांगली गुरे ठेवा, बाकीची विका’ हा तज्ज्ञांचा सल्ला कोणाला पटला नाही. निवडक गुरांसाठी राखलेल्या कुरणाचे कुंपण लोकांनी तोडले. १९८४ पर्यंत प्रकल्प आटोपला. त्यातून मागे राहिले ते रस्ता, कचेऱ्या आणि त्या भागावरची सरकारची अधिक घट्ट पकड. गावकऱ्यांना अडाणी ठरवण्याआधी त्यांच्या घरचा जमाखर्च समजून घेतला असता, तर हे टळले असते.

मध्यमान
इथपर्यंतची चर्चा उदाहरणांवर चालली आहे आणि उदाहरणे दोन्ही बाजूंना भरपूर मिळतात. खरा प्रश्न असा की, मदत झाली नसती तर त्या गावात काय झाले असते, हे कसे कळणार?

मिलेनियम व्हिलेजेस प्रकल्प हे यातले सर्वात बोलके उदाहरण आहे. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या पुढाकाराने पश्चिम केनियातल्या सौरीपासून आरंभ झाला आणि दहा देशांतल्या चौदा ठिकाणी २०१५ पर्यंत शेती, आरोग्य, शाळा, पाणी, रस्ते या सर्वांवर एकदम काम झाले. सौरीत मोबाइल वाढले, मच्छरदाण्या वाढल्या, हे खरेच होते. पण त्याच वर्षांत बाकीच्या केनियातही ते वाढत होते. तुलनेची गावे सुरुवातीला निवडलीच नव्हती. २०१२ मध्ये बालमृत्यू घटण्याच्या वेगाबद्दल केलेला मोठा दावा चुकीच्या गणितामुळे मागे घ्यावा लागला. २०१८ मध्ये प्रकल्पाच्याच चमूने केलेल्या अंतिम मूल्यमापनात चाळीसपैकी तीस निकषांवर तुलनेच्या गावांपेक्षा स्थिती बरी आढळली. उत्तर घानातल्या ठिकाणाचे मात्र स्वतंत्र मूल्यमापन झाले आणि त्यात गरिबी हटल्याचा पुरावा मिळाला नाही. दहा वर्षांच्या एवढ्या कष्टांनंतर नेमके कशाने काय साधले हे सांगता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच्या उलट पश्चिम केनियातल्याच बुसिया जिल्ह्यातले काम पाहा. १९९८ पासून पंचाहत्तर शाळांना टप्प्याटप्प्याने जंताच्या गोळ्या दिल्या गेल्या. कोणत्या शाळा आधी आणि कोणत्या नंतर, हे ठरलेल्या पद्धतीने विभागले होते, त्यामुळे तुलना आपोआप मिळाली. मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. या निष्कर्षांवर नंतर कडाक्याचे वाद झाले, आणि इतरत्र केलेल्या अभ्यासांत इतका मोठा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवे. तथापि वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढले, तेव्हा ज्यांना गोळ्या काही वर्षे अधिक मिळाल्या होत्या त्यांची ताशी कमाई सुमारे १३ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी जी गोळी देतात, तीच ही अल्बेंडाझोलची गोळी. या अभ्यासातले मायकल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांच्यासह मिळाले.

कृष्णाकाठ, सियाया काउंटीतला रोख मदतीचा अभ्यासही पाहा. ६५३ खेड्यांतल्या दहा हजारांहून अधिक गवती छपराच्या घरांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर विनाअट दिले गेले. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचेही उत्पन्न वाढले, कारण तो पैसा गावच्याच दुकानांत, सुतारांकडे आणि मजुरांत फिरला. एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत अंदाजे अडीच डॉलरची उलाढाल झाली आणि महागाई नगण्य वाढली. लोकांनी पैसे दारूत उडवले नाहीत. पत्रे घातले, गुरे घेतली, मुलांच्या फिया भरल्या.

जुना वाचक
मध्यमान, रोख रकमेबद्दलचा उत्साह थोडा आवरावा असे वाटते. उत्तर युगांडात २००८ मध्ये तरुणांच्या गटांना धंद्यासाठी माणशी सुमारे चारशे डॉलरचे अनुदान मिळाले. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिले तर पैसे न मिळालेल्यांनी त्यांना जवळजवळ गाठले होते.

मध्यमान
हे अगदी बरोबर आहे आणि मी त्याचा वेगळा अर्थ लावतो. त्या मधल्या वर्षांत ती घरे कमी उपाशी राहिली, त्यांच्याकडे अवजारे आणि सामान जमले. दहा वर्षांनी फरक पुसला गेला म्हणून आधीची वर्षे व्यर्थ गेली, असे त्या घरातल्या आईला सांगता येणार नाही.

बांधावरून
शेतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून नायजरबद्दल लिहितो. तिथल्या मराडी भागात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपे लावत होते आणि बहुतेक रोपे मरत होती. शेतात झुडपांसारखे दिसणारे फुटवे म्हणजे तोडलेल्या जुन्या झाडांची जिवंत खोडे आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. फुटव्यांपैकी दोन-चार जोमदार राखायचे, बाकीचे छाटायचे आणि गुरांपासून सांभाळायचे, एवढेच तंत्र होते. वसाहतकाळापासून झाडावर मालकी सरकारची मानली जाई, त्यामुळे शेतकऱ्याला झाड राखण्यात स्वारस्य नव्हते. ती पकड सैल झाल्यावर हे तंत्र शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे आपसूक पसरले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर झाडे परतल्याचे दिसते. यातला बहुतांश भाग कोणत्याही प्रकल्पाच्या कक्षेत नव्हता.

बुर्किना फासोच्या यातेंगा भागातले याकुबा सावादोगो तर स्वतः शेतकरीच होते. कोरड्या, टणक जमिनीत उन्हाळ्यात खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचे आणि पहिल्या पावसाचे पाणी तिथे मुरवायचे, ही झाई नावाची जुनी पद्धत त्यांनी खड्डे मोठे करून सुधारली. सुरुवातीला गावाने त्यांना वेड्यात काढले. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते वारले. अशा ठिकाणी बाहेरच्या संस्थांचा उपयोग एवढाच झाला की, त्यांनी एका गावच्या शेतकऱ्यांना दुसऱ्या गावात नेऊन शेत दाखवण्याचा खर्च उचलला. दुष्काळी पट्ट्यातला शेतकरी म्हणून मला हा खर्च सर्वात शहाणपणाचा वाटतो.

घाटमाथा
२०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था बंद केली. त्याचा परिणाम या कामांवर काय होईल, हे उत्तरा सांगू शकतील का?

उत्तरा
यूएसएड १ जुलै २०२५ पासून स्वतंत्र संस्था म्हणून उरली नाही, पण तिची कामे जानेवारीपासूनच थांबवली गेली होती. सर्वात जास्त घाव औषधांच्या नियमित पुरवठ्यावर बसतो. एचआयव्हीची गोळी रोज घ्यावी लागते. गोदाम ते खेडे ही साखळी तुटली की गोळी असूनही मिळत नाही. जिथे वाटपाची जबाबदारी गावाने निवडलेल्या माणसावर होती, तिथे निदान माणूस आणि नोंदवही शिल्लक राहते. नदीकाठचे अंधत्व म्हणजे काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा, दृष्टी घालवणारा रोग; त्यावरचे काम असेच उभे राहिले आहे. १९८७ पासून मर्क कंपनी त्याचे औषध मोफत देते आणि पुष्कळ देशांत गावकरीच वाटप करणारा निवडतात व घरटी नोंद ठेवतात. बाहेरचा दीर्घकाळचा पुरवठा आणि गावाचा स्वतःचा माणूस, हे दोन्ही एकत्र असू शकतात. कृष्णाकाठ यांच्या बोअरवेललाही हेच लागू करता येईल.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. मधल्या काळात आम्ही पुन्हा किटुईला गेलो, आणि या वेळी जागेऐवजी माणसांना भेटलो. तिथल्या कांबा बायकांचे म्वेथ्या नावाचे गट फार जुने आहेत. एकमेकींच्या शेतावर आणि सामाईक कामांवर आळीपाळीने श्रम करण्याची ती रीत आहे. त्यांनी आम्हाला नव्या बोअरवेलबद्दल फारसे विचारले नाही. बंद पडलेला, गोड्या पाण्याचा पंप आधी चालू करा आणि जमले तर खालच्या ओढ्यावर वाळूचा बंधारा बांधायला सिमेंट द्या, श्रम आमचे, असे त्या म्हणाल्या. किटुईत असे शेकडो बंधारे आहेत. पावसाळी ओढ्यात बंधाऱ्यामागे वाळू साठते, त्या वाळूत पाणी टिकते आणि उन्हात उडून जात नाही.

किटुई आणि क्वाले या काउंटींत फुंडीफिक्स नावाने दुरुस्तीची स्थानिक सेवा चालते, हेही कळले. गाव थोडी ठरावीक वर्गणी भरते, उरलेला खर्च एका निधीतून भागतो आणि पंप बिघडला की मिस्त्री येतो. हे मुळात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधनातून सुरू झाले; दांड्यात बसवलेल्या यंत्रावरून पंप बंद पडल्याचे मोबाइलद्वारे कळत असे आणि पूर्वी महिनाभर रखडणारी दुरुस्ती सुमारे तीन दिवसांत होऊ लागली. आमच्या कुटुंबांतल्या बहुतेकांचे मत आता असे झाले आहे की, जमवलेल्या पैशातून जुना पंप दुरुस्त करावा, बंधाऱ्याचे साहित्य द्यावे आणि उरलेली रक्कम दुरुस्ती सेवेसाठी वर्षावर्षाने देत राहावी. दोघांना मात्र अजून नवी बोअरवेलच हवी आहे, कारण देणगीदारांना दाखवण्यासारखे काही उरत नाही, ही त्यांची अडचण आहे.

माणदेशी
त्या दोघांना बायकांच्या बैठकीला घेऊन जा. आणि दोन गोष्टी पैसे देण्याआधी करून घ्या. गोड्या पाण्याच्या विहिरीचा नमुना उन्हाळ्याच्या अखेरीस तपासा, कारण किटुईच्या खडकात पाणी खोल गेले की क्षार वाढतात. पावसाळ्यानंतर गोड लागलेले पाणी तेव्हा तसेच राहील याची खात्री नाही. फ्लोराइडही त्याच वेळी तपासून घ्या. दुसरे म्हणजे बंधाऱ्याची जागा ठरवताना ओढ्याचा तळ खडकापर्यंत खणून पाहा, नाहीतर पाणी खालून निसटते. वाळू भरडी हवी. गाळ जास्त असेल तर त्यात पाणी साठणार नाही. बंधाऱ्याची भिंत एकदम पूर्ण उंचीची न बांधता दोन-तीन पावसाळ्यांत टप्प्याने वाढवतात, म्हणजे गाळ वाहून जातो आणि भरड वाळू मागे राहते. त्यामुळे सिमेंटचे पैसे एकदम देऊ नका, दरवर्षी थोडे थोडे द्या. नमुन्याचा अहवाल आला की इथे टाका, मी पाहीन.